धीम्या गतीच्या बातम्या

वामनराव टाकळीकरांनी तीस वर्षं जगातली झाडून सगळी युद्धं चालवली, आणि त्यापायी त्यांना कधी वर्ध्याच्या पलीकडे जावं लागलं नाही. यवतमाळच्या 'दैनिक वाघाडी समाचार'चं तिसरं पान त्यांच्याकडे होतं. वर 'देशोदेशी' असं ठसठशीत शीर्षक, आणि खाली इराण, इराक, लेबनॉन, ज्याची पाळी येईल त्याची लढाई. "उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, ते हेच," असं त्यांच्या पत्नी शुभदाताई त्यांना तोंडावर म्हणत. शुभदाताई जवळच्या घाटंजी गावात मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना खोटी स्तुती करता येत नाही, एवढाच त्यांचा दोष.

निवृत्तीनंतर दोघं घाटंजीलाच राहिले. वामनरावांना आता त्र्याहत्तरावं लागलंय, पण ते जुने दिवस त्यांच्या अंगातून काही जात नाहीत. जातील कसे? 'वाघाडी समाचार'ला तार-यंत्र परवडण्यासारखं नव्हतं. मालकांनी एक रेडिओ घेऊन दिला होता, त्यावर सगळं जग यायचं. आकाशवाणीवर तेव्हा छोट्या वर्तमानपत्रांसाठी धीम्या गतीच्या बातम्या लागत. निवेदक एकेक वाक्य तोडून तोडून वाचायचा, आणि मग तेच वाक्य पुन्हा वाचायचा, म्हणजे गावोगावच्या वामनरावांना ते उतरून घेता यावं. वामनराव रद्दी प्रुफांच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं लिहीत. शेजारी खेमसिंग छपाईचे शिशाचे खिळे जुळवायला तयार उभा असायचा. तो आर्णीकडच्या तांड्यावरचा बंजारा. चौथी शिकलेला, पण उलटी अक्षरं सुलटी वाचण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. शाईचा वास, रॉकेलचा वास, समोरच्या टपरीतले तर्री-पोहे, आणि रेडिओतला तो घाई नसलेला आवाज. इतकं सावकाश ऐकलं की माणसाला विचार करायला वेळ मिळतो, असं वामनरावांचं ठाम मत होतं आणि आहे. हल्लीचे निवेदक अंगात आल्यासारखे ओरडतात, ते ऐकून त्यांना त्या आवाजाची इतकी आठवण येते की ते टीव्ही बंदच करून टाकतात.

चित्रांचे मात्र वांधे होते. चित्र छापायचं तर जस्ताचा ब्लॉक लागे, तो नागपूरहून करून आणावा लागे, आणि बैरूतचा ब्लॉक नागपुरात कोण करून देणार? ब्याऐंशी साली बैरूतवर बॉम्ब पडत होते तेव्हा मालक टेबलाशी येऊन म्हणाले, "वामनराव, नुसते शब्द काय छापता? लोकांना काही दिसायला पाहिजे." तेव्हा खेमसिंगनं खोक्यातून एक ब्लॉक काढला. आदल्या उन्हाळ्यात घाटंजीची एक कापसाची जिनिंग जळाली होती, तिचा तो फोटो. छप्पर कोसळलेलं, काळी भिंत, खिडक्यांच्या जागी भोकं, आणि खाली दोन माणसं कपाळाला हात लावून बसलेली. भिंतीवरच्या पाटीतली दोन मराठी अक्षरं तेवढी दिसत होती. ती खेमसिंगनं छिन्नीनं खरवडून टाकली. "आता झालं ना भाऊ बैरूत," तो म्हणाला. वामनरावांनी खाली ओळ लिहिली: बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झालेली इमारत.

गंमत पुढेच आहे. दर बाजाराला त्या जळक्या भिंतीच्या सावलीत मिरच्या विकणाऱ्या घाटंजीकरांनीही ती ओळखली नाही. पारावर पेपर हातोहात फिरला. "अरे बाप्पा, काय हाल केले हो त्या बैरूतचे!" म्हणून माणसं हळहळली, आणि हळहळत हळहळत त्याच भिंतीला टेकून बिड्या ओढायला गेली. आपल्या गावातलं जळलेलं कुणाला दिसत नाही आणि परगावचं म्हटलं की लगेच दिसतं, ही माणसाची जुनी खोड. पुढे तीच भिंत तेहरान झाली, बसरा झाली, एक्क्याण्णव साली बगदाद झाली. मग ऑफसेटची छपाई आली, ब्लॉक भंगारात गेले, खेमसिंगही गेला. जिनिंगच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. वामनरावांनी ही गोष्ट एकट्या शुभदाताईंना सांगितली होती. त्या आधी पोट धरून हसल्या, आणि मग म्हणाल्या, "पण हे बरं नाही केलंत हो."

दोन हजार बावीसच्या मार्चमधली एक सकाळ. आठ वाजले होते. भगवानराव आणि त्यांची बायको बेबीताई दाराशी आले ते चपला न काढताच आत शिरले. भगवानरावांची कापसाची आणि तुरीची शेती गावाला लागून. लहानपणी पारावर 'देशोदेशी' मोठ्यानं वाचून दाखवण्याचा मान त्यांचा होता, कारण परदेशी नावं न अडखळता वाचणारा पोरगा गावात तोच एक. वामनकाकांनी लिहिलं म्हणजे खरं, हे तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलेलं. त्यांची मुलगी सुरभी युक्रेनला डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती, रशियाच्या सीमेजवळच्या एका शहरात. लढाई सुरू होऊन आठवडा झाला होता.

"काका, हे पाहा." भगवानरावांनी मोबाइल पुढे केला.

टीव्हीवरच्या बातमीचा तुकडा होता. एक चार मजली इमारत ढासळलेली, धूर, पळणारी माणसं. खाली लाल पट्टी: 'हॉस्टेल जमीनदोस्त, भारतीय विद्यार्थी ढिगाऱ्याखाली?' शेवटचं प्रश्नचिन्ह अगदी बारीक, कायद्यापुरतं.

"सुरभीशी बोललात?" वामनरावांनी विचारलं.

"बोललो नं, पहाटीच बोललो. ते म्हणते हॉस्टेल उभं हाये, आमी खाली तळघरात हाओत. पण पोट्टी खोटं बोलून राह्यली, काका. इच्या बीपीपाई लपवून राह्यली."

"टीवीवर दिसून राह्यलं नं सारं," बेबीताई म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते. "टीवीले कायले खोटं बोला लागते?"

भगवानराव खुर्चीवर टेकले. "तिथले चाळीसक पोट्टे आज पायी निघून राह्यले बॉर्डरकडे. साठ किलोमीटर. बर्फातून. त्याईच्या टाइमानं सातले, म्हंजे आपल्या साडेदहाले. तिले निघ म्हणू का थांब म्हणू? ते मायावर सोडून बसली. तुमी जिंदगीभर लढायाच लिहिल्या, काका. तुमी सांगसान तसं करतो."

 तीस वर्षांत वामनरावांच्या एका ओळीवर कुणाचा जीव अवलंबून नव्हता. शब्द चुकला तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता येत होती. त्यांनी चष्मा पुसला आणि तो तुकडा पुन्हा पाहिला. मग तिसऱ्यांदा पाहिला.

"भगवान, या झाडांना पानं आहेत."

"मंग?"

"तिकडे आत्ता बर्फ आहे, असं तूच म्हणालास ना? इथे झाडं हिरवीगार आहेत, आणि ही माणसं अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून पळताहेत. हे आत्ताचं नाही. कुठलं तरी जुनं काढून लावलंय."

भगवानरावांनी मोबाइल ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेला. "बाप्पा. आमाले दोन दिवसांत नाई दिसलं हे. तुमाले कसं दिसलं एवढ्या लवकर?"

अनुभव, असं म्हणून वामनरावांना सुटता आलं असतं. दारात शुभदाताई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या त्यांच्याकडेच पाहत होत्या.

"कारण हा धंदा मीही केलाय," वामनराव म्हणाले, आणि त्यांनी बैरूतचं सगळं सांगून टाकलं. खेमसिंगची छिन्नी, खालची ओळ, बसरा, बगदाद, सगळं.

भगवानराव आधी हसले. मग ते हसू मध्येच अडकलं. "ते चित्र मी कापून वहीत चिकटवलतं, काका. मायी माय रडलती ते पाहून. अन् आमी शाळेतून येतानी त्याच भितीवर गोटे मारत होतो!" त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "मंग तुमी लिहिलं त्यातलं खरं काय होतं?"

"शब्द खरे होते, जेवढे मला समजले तेवढे. चित्र खोटं होतं. आणि त्याच्याखालची ओळ माझी होती." हे सांगताना वामनरावांना फार लाज वाटली. चाळीस वर्षांची जुनी लाज, पण व्याजासकट आल्यासारखी.

"मंग थांब म्हणू का तिले?" भगवानरावांनी कोरड्या आवाजात विचारलं.

"चित्र खोटं निघालं म्हणून बॉम्ब खोटे होत नाहीत, बाबा. मला माहीत नाही." हे वाक्य त्यांनी तिसऱ्या पानावर उभ्या जन्मात छापलं नव्हतं.

"मंग कोनाले माहीत हाये?" बेबीताई ओरडल्याच.

वामनरावांच्या मनात आलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"तुमच्या मुलीला," ते म्हणाले. "आमच्या पेपरला तीस वर्षांत तिथला एक बातमीदार मिळाला नाही. तुमची पोर तिथे जातीनं बसली आहे, आणि तुम्ही तिलाच खोटारडी ठरवून टीव्हीला विचारताय. लावा फोन."

चौथ्या खेपेला फोन लागला. आवाज तुटत होता. वामनरावांनी कागद घेतला, मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे 'पाहिलं' लिहिलं, उजवीकडे 'ऐकलं'.

"सुरभी, मी टाकळीकर. शुभदाबाईंच्या घरून बोलतोय. एकेक वाक्य सांग. सावकाश. आणि प्रत्येक वाक्य दोनदा."

"हो आजोबा." पलीकडून श्वास ऐकू आला. "हॉस्टेल उभं आहे. हॉस्टेल उभं आहे. चौथ्या माळ्याचे काच फुटले. चौथ्या माळ्याचे काच फुटले."

"तू पाहिलेस?"

"सोताच्या डोळ्यानं. वरती ब्लँकेट आणाले गेलती तवा."

डावीकडे नोंद झाली. तळघरात अडीचशे मुलं, हीटर चालू, ब्रेड दोन दिवसांचा, काल सकाळपासून सहा वेळा भोंगा. ओल्हा नावाची एक म्हातारी स्वयंपाकीण घरी न जाता यांच्यासोबत राहिली आहे आणि पाण्यासाठी बर्फ वितळवते आहे. सगळं डावीकडे. वॉर्डन म्हणतो बस येणार आहेत. कुणी सांगितलं त्याला? दूतावासाचा फोन आला म्हणतो. तू ऐकलास? नाही. ते उजवीकडे.

"आणि पायी जायचा रस्ता?"

बराच वेळ नुसती खरखर. "रस्त्याचं काहीच माहीत नाई, आजोबा. ना पाह्यलं, ना ऐकलं."

वामनरावांनी सगळा कागद तिला परत वाचून दाखवला, तोही सावकाश, आणि फोन भगवानरावांकडे दिला. भगवानराव कागदाकडे बघत होते. रस्त्यापुढे दोन्ही बाजूंना कोरं होतं.

"तुले काय वाटते, बाई?" त्यांनी विचारलं.

"बाबा," सुरभी म्हणाली आणि तिचा आवाज फुटला, "आठ दिवसांत हे मले कोनी इचारलंच नाई. जो तो सांगूनच राह्यला. मी थांबतो."

साडेदहा वाजून गेले. कुणी चहा घेतला नाही.

त्या दिवसापासून नेम सुरू झाला. रोज चार वाजता सुरभीचा फोन वामनरावांना, पाच वाक्यं, प्रत्येक दोनदा, बॅटरी वाचवायची म्हणून एवढंच. वामनराव ती सुवाच्य अक्षरात उतरून ठेवत आणि बेबीताई दोन गल्ल्या ओलांडून वाचायला येत. घरातल्या टीव्हीची वायर त्यांनी स्वतःच काढून टाकली होती. "ओल्हाबाई आज बीटाचं वरण करून राह्यली म्हंते," असं त्या शुभदाताईंना सांगत. "तिचा पोरगा फौजेत गेला. त्याच्या पायातले मोजे घरीच राह्यले म्हणून रडली म्हंते काल." ओल्हाबाईनं थंडीत चादर न घेता झोपू नये, असा निरोपही त्यांनी एकदा पाठवला. वामनरावांना खरं सांगायचं तर फार बरं वाटत होतं. पुन्हा पेन्सिल, पुन्हा कागद, आणि या वेळी बातमीच्या दुसऱ्या टोकाला एक ओळखीचा आवाज. आपल्याला बरं वाटतंय याचा त्यांना रागही येत होता.

तिसऱ्या दिवशी ते पायी निघालेले चाळीस जण सीमेपलीकडे पोचले. पाय सुजलेले, ओठ फुटलेले, पण सगळे सुखरूप. मोबाइलवर ते पाहून भगवानराव तडक आले.

"पोचले ते, काका! सारेच्या सारे पोचले. अन् मायी तिथंच पडून हाये. कायचा कागद अन् कायची रेघ!"

 वामनरावांनी मान खाली घातली. शुभदाताईंनी भगवानरावांपुढे खुर्ची सरकवली, पण ते बसले नाहीत.

आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला नाही. चार वाजले, साडेचार झाले, पाच झाले. वामनरावांनी अकरा वेळा लावून पाहिला. बेबीताई समोर बसल्या होत्या, कागद हवा म्हणून.

"लिहा नं काही," त्या म्हणाल्या. "सुखरूप हाये, एवढंच लिहा."

"माहीत नाही मला, बेबीताई."

"त्या भितीले बैरूत म्हणतानी माहीत होतं काय? सगळ्या गावासाठी लिहिलं नं खोटं? आज मायासाठी एक ओळ लिहा. मले आजची झोप येऊ द्या."

वामनरावांनी पेन्सिल उचलली. ती एक ओळ लिहिणं किती सोपं होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! समोरची बाई वाचून घरी गेली असती, दोन घास खाल्ले असते तिनं. त्यांचा हात खरोखरच 'सु' काढायला वळला होता. मग त्यांनी तारीख घातली आणि लिहिलं: आज बातमी नाही.

बेबीताईंनी कागद वाचला, चोळामोळा करून त्यांच्या अंगावर फेकला आणि तोंडाला पदर लावून रडल्या. पण त्या उठून गेल्या नाहीत. दिवेलागण होईपर्यंत तिथेच बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, फक्त त्या दिवशी त्यांनी कागद फेकला नाही, भगवानरावही येऊन बसले, आणि शुभदाताईंनी सगळ्यांसाठी खिचडी टाकली.

तिसऱ्या दिवशी साडेचारला वामनरावांच्या फोनवर अनोळखी नंबर आला.

"आजोबा, लिहून घ्या. बस आल्या होत्या. फोन बंद ठेवा म्हणाले होते. आमी सीमा ओलांडली. सगळे. आमी सीमा ओलांडली."

वामनराव लिहायला वाकले, पण कागद त्यांना दिसेना. तीस वर्षं शहरं पडताना त्यांचं अक्षर कधी हललं नव्हतं. त्या दिवशी त्यांना साधी तारीख घालता आली नाही. शेवटी शुभदाताईंनी पेन्सिल त्यांच्या हातातून घेतली. बेबीताईंनी फोन हिसकावून घेतला होता आणि दोघी मायलेकी एकदमच बोलत होत्या. भगवानराव अंगणात जाऊन पाठ फिरवून उभे होते. बऱ्याच वेळानं ते आत आले, वामनरावांच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "राग आलता, काका." वामनराव म्हणाले, "यायलाच पाहिजे."

सुरभी घरी आली त्या दिवशी हार, ढोलताशे, दोन पुढारी आणि पाच माईक. "कसं वाटतंय?" असं पाचही जणांनी विचारलं. तिनं पाचही जणांना "झोप आली आहे," असं सांगितलं. आठवडाभरात सगळे माईक दुसरीकडे गेले. निवडणुकांचे निकाल आले, मग क्रिकेट आलं. आपली माणसं घरी पोचली म्हणजे लढाई आटोपली, असाच सगळ्यांचा हिशेब होता. वामनरावांनीही पेन्सिल पेटीत ठेवून दिली होती, आणि घरात सुनं सुनं वाटत होतं.

पुढच्या सोमवारी चार वाजता बेबीताई दारात उभ्या.

"या, या," वामनराव म्हणाले. "आता कसली बातमी? सुरभी तर घरी आहे."

"सुरभीची नाई. ओल्हाबाईची." त्या आत येऊन नेहमीच्या खुर्चीवर बसल्या. "पोट्टी रोज फोन लावून राह्यली तिले. लागत नाई. तिनं लेकराईले बसमंधी बसवून देल्लं अन् सोता तिथंच राह्यली. तिचं काय झालं?"

वामनराव उभेच राहिले. अडीचशे ठार, चारशे जखमी, असे आकडे त्यांनी हजार वेळा लिहिले होते. दुसऱ्या दिवशी येऊन त्यातल्या एकाही माणसाचं पुढं काय झालं, हे तीस वर्षांत कुणी वाचकानं विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही. एवढ्या लढाया चालवल्या, आणि हा प्रश्न त्यांना घाटंजीतल्या एका चौथी पास बाईनं शिकवला. 

ते टेबलाशी बसले, कोरा कागद घेतला, तारीख घातली, 'ओल्हाबाई' असं नाव लिहिलं आणि त्यापुढे लिहिलं: आज बातमी नाही.

बेबीताईंनी तो सावकाश वाचला, चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचला.

"बरं," त्या उठत म्हणाल्या. "मंग उद्या येतो."